न रडणारी घुमी

मी घुमी बोलतेय. नाव ऐकून हसू आलं असेल तर हसा, मला सवय आहे. जिनं आयुष्यात आपणहून हूं की चूं केलं नाही, तिनं आत्मवृत्त सांगायला बसावं हे जरा अतीच, हे मलाही कळतं. सांगू की नको, सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी म्हटलं, बोलून तर बघू. फार तर काय, लोक म्हणतील, रबराची बाहुली ती, तिला काय कळतंय. ते तर आत्ताही म्हणतातच.

हो, मी बाहुली आहे. पण खेळण्यातली नव्हे. माझ्या अंगावर फ्रॉक नाही, डोळ्यांना पापण्या नाहीत, डोक्यावर केसाचा पत्ता नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढी लांबी आणि कायमचं उघडं तोंड. न रडता जन्मलेल्या बाळाला पहिला श्वास कसा द्यायचा, हे सिस्टर लोकांना माझ्यावर शिकवतात. थोडक्यात, पुन्हा पुन्हा न रडता जन्माला येणं हा माझा धंदा.

माझा खरा जन्म एकदाच झाला, कारखान्यात. साच्यातून निघाले तेव्हा मी वाळत घातलेल्या पायमोज्यासारखी चपटी होते. तिथल्या एका बाईनं माझ्या छातीत पातळ पिशवी बसवली. तोंडावाटे नीट हवा आली तर छाती वर उचलली जावी, आणि नीट नाही आली तर ढिम्म हलू नये, अशी ती पिशवी. मग बेंबीपाशी नाळ जोडली आणि नाळेच्या टोकाला लिंबाएवढा रबरी चेंडू. तो दाबला की नाळ थडथडते, जिवंत बाळाची थडथडते तशी. बाईनं मला उलटंसुलटं करून पाहिलं, गालावरचा डाग अंगठ्यानं पुसला आणि खोक्यात टाकलं. लाडकोड म्हणाल तर तो अंगठा, बस्स.

वजन मात्र मला कारखान्यात मिळालं नाही. ते पाण्याचं. जिथं जाईन तिथल्या नळाखाली धरून माझ्या पोटात कोमट पाणी भरतात, पाठीला बूच लावतात, की मग मी हातात धरायला बाळासारखी जड आणि लुळी लागते. काहीजण फार शांत माणसाबद्दल म्हणतात ना, याच्या पोटातलं पाणी हलत नाही म्हणून? माझ्या पोटातलं सारखं हलतं. स्वभावच तसा.

मला विकत घेतलं ते एका संस्थेनं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन टेबलं, आणि जिन्यात कायम कुणाची तरी छत्री, असं त्यांचं ऑफिस. ही मंडळी स्वतःचा दवाखाना काढत नसत. सरकारी आरोग्य केंद्रं आहेत तीच नीट चालावीत म्हणून त्यांना हात देत. औषध संपायच्या आधी पोचावं, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा कुणीतरी ठरलेला असावा, आणि शिकलेलं हाताला आठवत राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. काम तसं मोठं, पण फीत कापायला काही नाही. त्यामुळे त्यांचे फोटो कधी चांगले येत नसत. चारदोन माणसं एका फ्रीजकडे बघताहेत, नाहीतर खिडकीच्या बिजागरीकडे.

तिथल्या ताईंच्या वाट्याला मी आले. ताई पूर्वी स्वतः सिस्टर होत्या. नोकरी संपल्यावर संस्थेत आल्या आणि केंद्राकेंद्रांवर जाऊन शिकवू लागल्या. गुडघे कुरकुरायचे त्यांचे, तोंड कधी कुरकुरलं नाही. दोघी आम्ही बसनं हिंडायचो. एकदा घाईत त्यांनी माझं पाणी काढलंच नव्हतं. पिशवीत मी दबेन म्हणून त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी ताईंना कोपरानं ढोसलं.

"अहो, बाळानं ओलं केलंय."

"नाही हो," ताई म्हणाल्या, "बूच सैल झालंय."

आजीबाईंनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

अशी फिरत फिरत मी या केंद्रावर आले. बैठी इमारत, व्हरांड्यात लांब बाक, आत ओळीनं खोल्या. सगळ्यात शेवटची प्रसूतीची. तिच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत हिरवा रंग, कोपऱ्यात बाळासाठी छोटं टेबल, त्यावर ऊब द्यायला दिवा, आणि बाजूला एक लोखंडी कपाट. या खोलीत माणसं तीनच. मोठ्या सिस्टर, त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खोलीची साफसफाई पाहणारी मावशी, तिच्या जिभेला हाड नाही. आणि धाकटी सिस्टर.

धाकट्या सिस्टरची मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आलेली. मुलगी घरी सासूबाईंजवळ. दुपारच्या सुटीत ही व्हरांड्यात जाऊन फोन लावायची.

"खोकली का? किती वेळा? ओला खोकला की कोरडा?"

पलीकडून सासूबाई इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोन नसता तरी चाललं असतं. "अगं, एकदाच खोकली, ती पण माझी नक्कल करायला! तू जेव आधी!"

ही हसायची, फोन ठेवायची, आणि चार घास पोटात गेले न गेले तोच पुन्हा लावायची. मावशीला एकदा ती म्हणाली होती, "झोपेत तिची छाती हलतेय का ते मी हात ठेवून बघते. मग माझ्या हातानं ती जागी होते. मग रडते. मग मला बरं वाटतं. मी वेडी आहे का हो मावशी?"

"वेडी कशानं? आई आहेस," मावशी म्हणाली. "तसा फारसा फरक नसतो म्हणा."

पहिल्या दिवशी ताईंनी मला टेबलावर ठेवलं. पुसायचं कसं, पाठ चोळायची कशी, फुलाचा वास घेताना होते तेवढीच मान मागे कशी करायची, नाक-तोंड झाकेल असा मास्क कसा बसवायचा आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा कसा दाबायचा, सगळं करून दाखवलं. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास सुरू व्हायला हवा, हे दहादा सांगितलं. मग म्हणाल्या, "हं, घे आता. बाळ रडलं नाही. चला!"

धाकटीनं फुगा दाबला. मास्कच्या कडेनं हवा निसटली आणि असा काही आवाज झाला की दारातून मावशी फिसकन हसली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मला फार संकोच वाटला. आवाज माझ्याच तोंडाशी होत होता ना. तिसऱ्या खेपेला तिनं हनुवटीखाली बोट नीट घेतलं, मास्क घट्ट बसवला, आणि माझी छाती उचलली गेली. अलगद. तिचा चेहरा असा फुलला की जणू मी खरंच श्वास घेतला. संध्याकाळपर्यंत तिचा हात इतका छान बसला की ताई म्हणाल्या, "या पोरीचा हात देवानं मोजून बनवलाय."

"एवढी मेहनत केली सगळ्यांनी, पण हिच्या तोंडून अक्षर नाही," मावशी मला पुसताना म्हणाली. "घुमी आहे मेली."

ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

जाताना ताईंनी मला सोबत घेतलं नाही. संस्थेला आता अनुभव आला होता. एक दिवस शिकवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि निघून जायचं, असं केलं की काही महिन्यांत हात सगळं विसरून जातात. म्हणून प्रत्येक केंद्रावर एक बाहुली कायमची ठेवायची आणि रोज थोडा थोडा सराव करायचा, असं ठरलं होतं. "ही आता तुमची," ताई म्हणाल्या.

ताईंची बस वळणाआड गेली आणि मोठ्या सिस्टरनी मला उचललं. पाणी काढलं, कोरडी केली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावलं.

"अहो सिस्टर, रोज सराव करायचा म्हणाल्या ना ताई?" धाकटीनं विचारलं.

"करू की. पण फाटली-बिटली तर जबाब कुणी द्यायचा? ताई येतील तेव्हा काढू."

यावरून त्यांना वाईट समजू नका. निम्म्या मुलखाची बाळंतपणं त्यांनी केली होती. त्यांचा स्वभाव एवढाच की चांगली वस्तू दिसली की ती ठेवून द्यायची. तुम्हीही करताच ना? चांगले कप पाहुण्यांसाठी, नवा टॉवेल गावाला जाताना. वस्तू वापरून जुनी होऊ नये म्हणून तिला न वापरता जुनी करायची. कपाटात माझ्या शेजारी काटा अडकलेलं रक्तदाबाचं यंत्र होतं आणि पडद्यांच्या कड्यांची पिशवी. मला वाटलं, इतकं जपतात म्हणजे हा मानच असेल. कुरकुर केली नाही. करणार तरी कशी?

ताई अधूनमधून यायच्या. त्या येणार म्हटलं की सुतळी सुटायची, पाणी भरलं जायचं, मी टेबलावर. ताई म्हणायच्या, "बाळ रडलं नाही. चला!" की धाकटी सिस्टर मास्क बसवून अशी सफाईनं फुगा दाबायची की बघत राहावं. ताई खूश, मोठ्या सिस्टर खूश, मी परत वर.

मग ती दुपार आली. मी कपाटात होते, त्यामुळे जे सांगते ते ऐकलेलं. एक पहिलटकरीण सकाळपासून कळा देत होती. दुपारी बाळ झालं. बाहेर बाकावर बसलेले तिचे लोक गप्प झाले, सगळे त्या एका आवाजाची वाट बघतात तसे. आवाज आला नाही.

मोठ्या सिस्टर बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या, तिचा रक्तस्राव थांबवत होत्या. बाळ धाकटीकडे. तिनं पुसलं, पाठ चोळली, नाळ कापली, बाळाला टेबलावर आणलं. फुग्यावर मास्क बसल्याची टिचकी मला ऐकू आली. आता फुगा वाजणार, मी म्हटलं. वाजला नाही. काहीच वाजलं नाही. माझ्या पोटात पाणी नव्हतं, तरी मला वाटलं की हललं.

तेवढ्यात मावशी कपडे घेऊन आत आली. "अगं पोरी, रडत नाहीये ते! बघतेस काय?"

आणि त्या क्षणी फुगा सुरू झाला. फुस्स, फुस्स, एका लयीत, जसा माझ्यावर वाजायचा तस्साच. थोड्या वेळानं मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, मग जरा मोठा, मग बाहेर बाकावर एकदम कालवा झाला.

"हात चांगला चालतो हो तुझा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांनी धाकटीचं कौतुक केलं. ती नळावर मास्क धुवायला गेली.

खोली रिकामी झाल्यावर कापसाचा गठ्ठा काढायला ती किल्ली घेऊन आली. कपाट उघडलं. मी वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये. बराच वेळ ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"मी थांबले होते गं घुमे," ती म्हणाली. "मास्क हातात, फुगा हातात. कशासाठी थांबले होते मी? मावशी आली नसती तर?"

मला काय उत्तर देता येणार? मी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले.

दुसऱ्याच दिवशी ती केंद्राच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांची खोली लागूनच, दार सताड उघडं. "मला लसीकरणाला द्या, सर. प्रसूतीच्या खोलीत नको."

"का? काल तर तुम्ही बाळ वाचवलंत."

"उशिरानं वाचवलं."

"हे बघा, बाळंतपण करू शकणाऱ्या तुम्ही दोघीच. तुम्ही गेलात तर मोठ्या सिस्टर रजेवर असतील त्या दिवशी मी या खोलीला कुलूप लावायचं का? कळा घेत बाई दोन बस बदलून मोठ्या दवाखान्यात जाणार का?"

"ते मला कळतं, सर. म्हणूनच झोप येत नाही."

"महिनाअखेरीपर्यंत विचार करा. तरीही नको वाटलं तर मी अडवणार नाही."

ती 'बरं' म्हणाली. पण तिचं ठरल्यासारखंच होतं. त्या दिवसांत ती घरी फोनही कमी करू लागली. 'खोकली का' एवढंही विचारेना. सासूबाईच उलटा फोन करून विचारायच्या, "काय गं, आज विचारलं नाहीस? बरी आहेस ना?"

ताई आल्या त्या याच दिवसांत. नेहमीप्रमाणे मला उतरवलं, भरलं, टेबलावर ठेवलं. दोघी सिस्टर दोन बाजूंना उभ्या. धाकटीनं मला पुसलं, मान नीट केली, मास्क बसवला. ताईंचा चष्मा सापडत नव्हता, त्या पिशवीत डोकं घालून तो शोधत होत्या. रुमाल निघाला, गोळ्यांची पट्टी निघाली, बसची जुनी तिकिटं निघाली. चष्मा सापडल्यावर त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडावर मास्क, धाकटीचा हात फुग्यावर, आणि सगळं जिथल्या तिथं.

"अगं, थांबलीस का?"

"तुम्ही बोलला नाहीत अजून," धाकटी म्हणाली.

"काय बोलायचं होतं?"

"'बाळ रडलं नाही. चला!'"

आणि असं म्हणता म्हणता धाकटीचाच चेहरा बदलला. तिनं मास्क खाली ठेवला. "ताई, त्या दिवशी मी याचसाठी थांबले होते." मग तिनं सगळं सांगितलं, थांबलेला हात, मावशीची हाक, डॉक्टरांशी झालेलं बोलणं, सगळं. "मला येत होतं सगळं. फक्त सुरू कर असं कुणी म्हटलं नव्हतं. नेहमी तुम्ही म्हणता ना."

ताई स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पुसायला लागल्या, स्वच्छ असूनही. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे वाक्य तर मी प्रत्येक केंद्रावर म्हणते."

"मी नसते थांबले," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "इतकी वर्षं काढली मी."

मावशी काही बोलली नाही. मावशी काही बोलली नाही म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

थोड्या वेळानं चहा आला. मोठ्या सिस्टरनी एक घोट घेतला असेल नसेल, मावशीनं मला ओल्या टॉवेलात गुंडाळून, ठिबकत्या अंगानं, थेट त्यांच्या मांडीवर टाकलं. तोंडातून एक शब्द नाही.

मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं. मग दाराकडे. मग धाकटीकडे. बिस्किटाचा भिजलेला तुकडा चहात पडला.

"मेलं बाळ," मावशीनं शांतपणे सांगितलं.

मला वाटलं, आता मावशीची धडगत नाही. मोठ्या सिस्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण त्यांनी कप बाजूला ठेवला, मला उचलून टेबलावर नेलं आणि पुसण्यापासून सगळं पहिल्यापासून केलं. छाती उचलली गेली. मग म्हणाल्या, "पुन्हा दे. न सांगता दे." आणि मग किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेल्या छोट्या कात्रीनं त्यांनी माझ्या प्लास्टिकची सुतळी कापून टाकली. "ही आता इथं टेबलापाशीच राहू दे. फाटली तर मी बघून घेईन."

"आजपासून माझं तोंड बंद," ताईंनी जाहीर केलं.

"जमणार आहे का तुम्हाला?" मावशीनं विचारलं.

तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. नियम एकच ठरला. मी कधी, कुणाच्या हातात येणार ते आधी सांगायचं नाही, आणि आल्यावर बाकीच्यांनी बोलायचं नाही. रडलेल्या आणि न रडलेल्या बाळातला फरकही ज्याचा त्यानंच ओळखायचा. म्हणून मावशी कधी कधी माझ्या वतीनं रडायची. "ट्यँहाँ, ट्यँहाँ!" असं काही झक्क रडायची की बाकावरची माणसं माना उंच करून बघायची. मग मला नुसतं पुसून, गुंडाळून आईच्या छातीशी द्यायचं. आणि ती रडली नाही तर मास्क. हात थांबला तर थांबला, पुन्हा करायचं. रागवारागवी नाही.

एकदा धाकटी व्हरांड्यात फोनवर होती. पुन्हा विचारायला लागली होती ती. "ओला की कोरडा?" असं चाललं असताना मावशीनं मला तिच्या हातावर ठेवलं.

"सासूबाई, थांबा, बाळ आलंय," असं म्हणून तिनं फोन बाकावर ठेवला आणि आत पळाली.

फोनमधून आवाज येतच राहिला. "अगं कुणाचं? कुणाचं बाळ? हॅलो?"

ताईंनी ही गोष्ट संस्थेत सांगितली. तिथले साहेब म्हणे बराच वेळ डोक्याला हात लावून बसले. "म्हणजे आपण आजवर शिकवलं ते फुकट?"

"फुकट कसं?" ताई म्हणाल्या. "हात तयार झालेत. फक्त सुरुवात आपण तोंडात धरून ठेवली होती, ती त्यांच्या हातात द्यायची." मग त्या एकेक केंद्र फिरून माझ्या बहिणींना कपाटांतून काढू लागल्या. बहुतेक सगळ्या कपाटातच निघाल्या. हे ऐकून मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी एकटीच नव्हते तर.

महिनाअखेर जवळ आली. धाकटीनं डॉक्टरांना अजून काही सांगितलं नव्हतं. सराव छान होत होता, पण मावशीजवळ ती म्हणाली, "घुमी ती घुमी. खरं बाळ ते खरं बाळ. तेव्हा हात थांबला तर?" मावशी माझं नाक पुसत राहिली. मीच ती घुमी. रात्रंदिवस मलाही तेच वाटायचं, की आपण खऱ्या बाळासारख्या आहोत कुठं? आपल्यावर शिकून काय होणार?

अशात मोठ्या सिस्टर एका बैठकीला गावाला गेल्या, आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी एक बाई आली. दुसरं बाळंतपण, सोबत तिची नणंद. सगळं भराभर झालं. डॉक्टर बाहेरच्या रुग्णांत, खोलीत धाकटी आणि मावशी दोघीच. मी टेबलावर, नुकतीच सरावातून सुटलेली, पोट गच्च भरलेलं.

बाळ आलं. निळसर, लुळं, हातपाय सैल. अगदी माझ्यासारखं. रडलं नाही.

बाईनं उशीवरून मान उचलली. "रडत का नाही?" तिनं विचारलं. मावशीनं आपली मूठ स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरली होती.

धाकटीनं मावशीकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं नाही. पुसलं, पाठ चोळली, नाळ कापली आणि बाळाला घेऊन ती टेबलाकडे आली. टेबलावर मी होते. तिनं मला कोपरानं असं ढकललं की मी थेट जमिनीवर. आजवर मला इतक्या लोकांनी इतक्या काळजीनं हाताळलं, पण त्या ढकलण्याची सर कशालाच नाही.

मी टेबलाखाली पालथी पडले होते. मला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. घोट्याशी माझी शिवण उसवली होती आणि माझ्याखाली पाणी पसरत होतं. वर मास्कची टिचकी वाजली आणि तिच्या पाठोपाठ, मध्ये श्वासाचीही फट न ठेवता, फुगा सुरू झाला. फुस्स, फुस्स. तिची एक टाच दर वेळी जराशी उचलली जात होती.

मग रडणं आलं. पिल्लासारखं वगैरे नाही. चांगलं ठणठणीत, शेजाऱ्यांनी भांडायला यावं असं. बाईही रडली, नणंद दाराबाहेरून रडली, आणि मावशीनं तोंडावरची मूठ काढून असा काही श्वास सोडला की मला वाटलं, हिलाही मास्क लावावा लागतोय.

बाळ आईजवळ दिल्यावर धाकटी टेबलापाशी येऊन खाली त्या ओल्यातच बसली. मला उचलून मांडीवर घेतलं. हसत होती की रडत होती, ते मला ओळखता आलं नाही. माझं शिक्षण तेवढं झालेलं नाही.

"लागलं का गं घुमे?" ती म्हणाली.

डॉक्टर धावत आले तेव्हा सगळं आवरलं होतं. त्यांनी बाळ तपासलं, आईला तपासलं. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "उद्या महिनाअखेर. तुमचं लसीकरणाचं काय करू?"

"तिथं दुसरं कुणीतरी द्या, सर," धाकटी म्हणाली. "आणि पंक्चर काढणारा कुणी माहीत असला तर सांगा. हिचा पाय फाटलाय."

आता माझ्या घोट्यावर सायकलच्या ट्यूबचा काळा चौकोन आहे. नाकाचा रंग मास्कनं घासून गेलाय, नाळेचा चेंडू एकदा बदलला, छातीची पिशवी दोनदा. मोठ्या सिस्टर मला उन्हात वाळत घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हात लावू नका, कामाची आहे." धाकटीची मुलगी आता चालायला लागली आहे. एकदा सासूबाई तिला घेऊन आल्या होत्या. तिनं माझ्या उघड्या तोंडात बोट घातलं आणि खुदकन हसली. मग खोकली. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. "कोरडा," ती म्हणाली, आणि पुढचं काम करायला लागली.

मला फार काही मागायचं नाही. मागायची सवयच नाही. पण तुमच्या जवळच्या केंद्रावर माझी एखादी बहीण असली, तर जरा चौकशी करा. प्लास्टिकमध्ये नीटनेटकी, नव्या कोऱ्या नाकाची असली, तर तिथल्या सिस्टरना सांगा, सुतळी कापा म्हणावं. तिला ओली करा, पाडा, फाडा, शिवा. आम्हाला दुखत नाही. मला तरी दुखलं नाही, आणि मी तशी घाबरट आहे.

एवढंच. आता मला थांबायला हवं. दुसऱ्या केंद्रावरून दोन नव्या मुली शिकायला आल्या आहेत, धाकटी सिस्टर त्यांना आत घेऊन येतेय. त्यातली एक हातात चहाचा कप घेऊनच आलीय, बिचारी. मावशीनं टॉवेल भिजवून पिळला आहे. या खेपेला रडायचं की नाही ते तिनं ठरवलं असेल. मला तिनं सांगितलेलं नाही.